विरार फास्टमधलं रॉक, नंबर ४५/२००

संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दोन फुटी कागदी नळी घेऊन चढून दाखवा! शेजारचा विचारणारच, "काय बॉस, नकाशा का?" नाही काका, रॉक पोस्टर आहे. तेही लिमिटेड एडिशन.

रॉकच्या चित्रांशी आपलं नातं तसं जुनंच. जिमी हेंड्रिक्सच्या बँडचा १९६७ सालचा 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' हा अल्बम आठवतोय? आपल्याकडच्या देवाच्या छापील चित्रातलं विष्णूचं विराट रूप उचलून त्यात बँडमधल्या तिघांचे चेहरे बसवले होते. हेंड्रिक्सला स्वतःला मात्र ते कव्हर फारसं रुचलं नव्हतं. त्याला आपल्या अमेरिकी आदिवासी पूर्वजांची खूण हवी होती. असो. देवाचं कॅलेंडर हजारोंनी छापतात आणि वर्ष संपलं की उतरवतात. प्रिंट जमवणाऱ्यांचा फंडा नेमका उलटा. छापायचं मोजकं, आणि तेही मोजून!

अशी प्रिंट बऱ्याचदा स्क्रीन प्रिंटिंगची असते. हो, लग्नपत्रिकावालेच स्क्रीन प्रिंटिंग. एका रंगाला एक जाळी. पाच रंगांच्या पोस्टरच्या २०० प्रती काढायच्या, तर १००० वेळा शाई ओढायची, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर अचूक बसायला हवा. मग कलाकार कोपऱ्यात पेन्सिलीने ४५/२०० असा नंबर टाकून सही करतो. जाळीवरचं चित्र धुऊन टाकलं की खेळ खल्लास. नंबरच्या जागी 'एपी' लिहिलं असेल, तर ती कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. नंबर १ साठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही, कारण नंबर बऱ्याचदा गठ्ठा हातात येईल तसा पडतो, छपाईच्या क्रमाने नाही.

गंमत म्हणजे या छंदाच्या मुळाशी असलेल्या पोस्टर्सवर असा नंबरच नाही. १९६६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहासाठी वेस विल्सनसारख्यांनी वितळल्यासारख्या अक्षरांची पोस्टर्स केली. मागणी वाढली तशी ती पुन्हा छापली गेली, त्यामुळे पहिली छपाई ओळखायला कागद, माप, तळाची बारीक अक्षरं तपासावी लागतात. आजची गोची वेगळीच. तेच चित्र, दुसरी शाई, मग चमकता फॉइल कागद, आणि प्रत्येक प्रकार पुन्हा 'लिमिटेड'! माझ्या मते तिसऱ्या व्हेरिएंटनंतर ती कला राहत नाही, साड्यांचा सेल होतो. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: या चित्राच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून एकूण प्रती किती?

पण खरा कस लागतो प्रिंट घरी आल्यावर. कोल्डप्लेच्या २०१६ मधल्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओत आपला वसईचा किल्ला झळकला. दगडावरची ओल फोटोत झकास दिसते, कागदावर मात्र तिचे तपकिरी ठिपके होतात आणि ते सहजी जात नाहीत. जून ते सप्टेंबर जिथे पापड डब्यात मऊ पडतात, तिथे कागदाची काय कथा?

नळी फक्त प्रवासापुरती. आठवडाभरात प्रिंट बाहेर काढा, सपाट ठेवा, मध्ये ॲसिड-फ्री कागद घाला. लॅमिनेशन तर अजिबात नको. करून घेतलंत तर किंमत तिथेच संपली. नाक्यावरचा फ्रेमवाला सवयीने प्रिंट हार्डबोर्डला चिकटवून टाकेल, त्याला आधीच बजावून सांगा. कडेने ॲसिड-फ्री माउंट हवा, म्हणजे काच शाईला टेकत नाही. काच टेकली की दमट हवेत शाई तिला चिकटते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा, दुपारचं ऊन येणारीही टाळा. आणि फ्रेम करायला दिवाळी उलटू द्या. भर पावसात केलीत, तर ओलावा काचेआड कोंडून राहतो.