झिजेलाही कारण असते : लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे रंगकाम

लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचे सुटे भाग काळजीपूर्वक जोडून त्यावर अचूक रंग चढवले, तरी ती कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या विमानासारखी कोरी दिसते. आघाडीवरील विमानाचे रूप मात्र ऊन, पाऊस, धूळ, तेल, काजळी आणि देखभाल करणाऱ्यांचा सततचा वावर यांमुळे पालटलेले असते. हा पालट प्रतिकृतीवर रंगांनी उमटवण्याच्या कामाला या छंदात ‘वेदरिंग’ म्हणतात. ते केवळ विमान मळवण्याचे काम नव्हे, कारण प्रत्येक डागामागे आणि ओरखड्यामागे ठरावीक कारण असते व ते ओळखल्याशिवाय केलेली झीज खोटी वाटते.

दुसऱ्या महायुद्धातील दोन जपानी विमानांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते. 1943 पासून न्यू गिनीच्या आघाडीवर लढलेले लष्कराचे कावासाकी की-61 ‘हिएन’ हे विमान सुरुवातीच्या काळात कारखान्यातून उघड्या धातूच्या रूपात येई आणि त्यावरचा हिरवा रंग बहुधा आघाडीवरील तळावरच फवारला जाई. रंगाला धातूवर पकड मिळावी म्हणून आधी दिला जाणारा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर, तेथे नसल्याने दमट, उष्ण हवेत त्या रंगाचे पोपडे सुटत आणि खालचे ॲल्युमिनियम चमकू लागे. याउलट नौदलाचे मित्सुबिशी ‘झिरो’ कारखान्यातच अस्तरासह रंगवले जात असल्याने त्याचा रंग तुलनेने टिकून राही. म्हणून हिएनला शोभणारे मोठे चंदेरी पोपडे झिरोवर सरसकट दाखवणे चुकीचे ठरते.

असे पोपडे दाखवण्यासाठी आधी चंदेरी रंग देऊन तो वॉर्निशने सुरक्षित करतात, त्यावर केसांना मारण्याचा साधा हेअरस्प्रे फवारतात आणि तो सुकल्यावर पाण्यात मिसळणारा हिरवा ॲक्रिलिक रंग चढवतात. नंतर ठरावीक जागा ओलसर करून ताठ केसांच्या कुंचल्याने हलके घासल्या, की पाण्यामुळे हेअरस्प्रेचा थर सैल होतो आणि वरचा रंग वेड्यावाकड्या कडांनी सुटतो. येथे प्रमाणाचे भान सुटता कामा नये, कारण 1:72 प्रमाणाच्या प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्ष विमानावर 7.2 सेंटिमीटरचा होतो. म्हणूनच बारीक खुणांसाठी पुष्कळदा कुंचल्याऐवजी टोकदार चंदेरी पेन्सिल वापरली जाते.

झीज कोठे दाखवायची, हे विमानाची रचना आणि वापर यांवरून ठरते. वैमानिक ज्या बाजूने चढे तेथील पंखाचे मूळ आणि वारंवार उघडल्या जाणाऱ्या इंजिनाच्या झाकणांच्या कडा आधी झिजतात. मात्र त्या काळातील अनेक विमानांची सुकाणूसारखी हलती नियंत्रक पृष्ठे कापडाने मढवलेली असत, त्यामुळे तेथे रंग उडाला तरी चंदेरी धातू दिसणे शक्यच नसते. एक्झॉस्टची काजळी हवेच्या प्रवाहाबरोबर मागे ओढली जाते, तर उभ्या विमानातून गळणारे तेल खाली ओघळते. दोन्ही डाग एकाच दिशेने काढले, तर विमान उडत होते की उभे होते, हा फरकच पुसला जातो. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ गडद रंग सोडून जादाचा पुसून घेण्याच्या ‘वॉश’ या पद्धतीतही सर्व सांधे सारखेच काळे करणे टाळावे लागते.

छायाचित्रे हा या कामाचा मुख्य आधार असला, तरी तीही तपासून घ्यावी लागतात, कारण जपानी विमानांची अनेक प्रसिद्ध छायाचित्रे तळ शत्रूच्या हाती गेल्यानंतरची असून, त्यांत दिसणारी दुर्दशा बेवारस पडून राहिल्याने वाढलेली असू शकते. विमान, तळ आणि काळ निश्चित करून मगच कुंचला उचलणारा कलावंत प्रतिकृतीवर कमी खुणा करतो, पण त्यातली प्रत्येक खूण त्या विमानाच्या सेवेविषयी काही खरे सांगते, आणि या परिश्रमाचे मोल त्यातच आहे.