परीक्षेतील कॉपी आणि व्यवसायाचे स्वप्न : विद्यार्थ्यांच्या मनात काय घडते?

कॉपी करू नये हे दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तरीही कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते. स्वतःचा व्यवसाय करीन असे शिबिरात हात वर करून सांगणारे अनेक तरुण पदवी हाती पडताच नोकरीचे अर्ज भरू लागतात. आपण संस्कारांना किंवा आळसाला दोष देऊन मोकळे होतो. मानसशास्त्राने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत तपासल्या आहेत.

ही चौकट आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली सविस्तर मांडली. कोणत्याही कृतीचा निश्चय तीन गोष्टींवर अवलंबून असतो, असे तिचे सार आहे : ती कृती आपल्याला कशी वाटते, जवळच्या माणसांना ती कशी वाटेल, आणि ती आपल्याला जमेल असा विश्वास किती आहे. त्याच वर्षी लिसा बेक यांच्यासह त्यांनी कॉपी, दुकानातील चोरी व खोटे बोलणे या बाबतींत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तेथे नैतिक बंधनाची जाणीव हा चौथा घटक जोडल्यावर विद्यार्थ्यांचा कल अधिक अचूकपणे सांगता आला. सद्सद्विवेकबुद्धीला हिशेबात स्वतंत्र जागा द्यावी लागली, हे लक्षणीय होय.

तथापि ही बुद्धी एकाकी नसते. डोनाल्ड मॅकेब व लिंडा त्रेविन्यो यांनी १९९३ साली अमेरिकेतील ३१ शिक्षणसंस्थांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कॉपीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो सोबत्यांच्या वर्तनाचा. "सगळेच करतात" हे वाक्य आपल्याही परिचयाचे आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी दाखवून दिले आहे की अशा सबबींनी मनाची टोचणी बोथट होते. कृत्याला सौम्य नाव देणे ही त्यांतलीच एक युक्ती. लाचेला "चहापाणी" म्हटले की देणारा व घेणारा दोघेही निर्धास्त होतात.

व्यवसायाच्या इच्छेबाबत चित्र वेगळे दिसते. नॉरिस क्रूगर व सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इतरांच्या मताचा प्रभाव फारसा आढळला नाही. "मला हे जमेल" हा विश्वास निर्णायक ठरला. (मुलाने बँकेत चिकटावे म्हणून जेथे सारे घर अडून बसते, तेथेही नेमके असेच आढळेल असे मात्र मला वाटत नाही.) हा विश्वास येतो कोठून? बँडुरा यांच्या १९७७ च्या विवेचनानुसार स्वतः मिळवलेले यश हा त्याचा सर्वांत भक्कम आधार होय. आपल्यासारख्याच कोणाला यशस्वी होताना पाहणे हा दुसरा. तोंडी प्रोत्साहनाने येणारा विश्वास तुलनेने कमकुवत असतो. म्हणून उद्योजकतेवरील व्याख्यानापेक्षा धर्मग्रामाच्या जत्रेत स्वतः मांडलेला आणि स्वतः हिशेब ठेवलेला एक स्टॉल तरुणाला अधिक शिकवून जाईल.

मग प्रामाणिकपणा कसा रुजवावा? २००८ साली मझार, अमीर व ॲरिएली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला : परीक्षेपूर्वी दहा आज्ञा आठवायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी कमी लबाडी केली. प्रवचनासाठी याहून सोयीस्कर दाखला कोणता? परंतु २०१८ साली अनेक प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. आज्ञांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. क्षणभर उजळणी केल्याने वर्तन बदलते, एवढाच दावा टिकला नाही.

मॅकेब व त्रेविन्यो यांना कॉपीचे प्रमाण कमी आढळले ते "सन्मानसंहिता" असलेल्या संस्थांत. अशा संस्थांत विद्यार्थी लेखी प्रतिज्ञा करतात, अनेक ठिकाणी परीक्षेला पर्यवेक्षकच नसतो, आणि तक्रार आलीच तर निवाडा करणाऱ्या मंडळात विद्यार्थी स्वतः बसतात.