धूळपाटीवरचीं अक्षरें

पूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत मुलाच्या हातीं प्रथम धूळपाटी येई. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, चुकल्यास पुसावें आणि पुन्हां काढावें. कागद व शाई यांचा मान फार पुढें मिळे. हा जुना शब्द आज पुन्हां प्रचारांत आला आहे, हें कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. मराठी विकिपीडिया या संगणकावरील ज्ञानकोशांत नवख्या लेखकाच्या सरावाच्या पानास ‘धूळपाटी’ हेंच नांव दिलें आहे. आणि जेथें सर्वांनीं विचारविनिमय करावयाचा, त्या पानास ‘चावडी’ म्हणतात.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेव्हां त्यांच्या हाताशीं संपादकवर्ग होता. विकिपीडियाची रीत निराळी. १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत आणि १ मे २००३ रोजीं मराठींत सुरू झालेला हा कोश स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. नवीं माणसें आलीं व टिकलीं, तरच तो वाढावयाचा.

सेवानिवृत्तीनंतर नातवाच्या साह्यानें मीहि या कामांत शिरलों. एके दिवशीं कोणा नवख्या बाईंनीं गोधडीसंबंधीं आठ-दहा ओळी लिहिल्या. जुन्या लुगड्यांचे थर कसे लावावे, टांका कोणत्या बाजूनें घालावा, हें त्यांनीं हातच्या अनुभवानें सांगितलें होतें. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ आणि ग्रंथाचा आधार एकहि नाहीं. मीं तो मजकूर काढून टाकला व त्यांच्या चर्चा-पानावर लिहिलें, “शुद्ध व साधार लिहावें.” माझें म्हणणें नियमास धरून होतें, परंतु त्या बाई पुन्हां फिरकल्या नाहींत. चाळीस वर्षें वर्गांत ज्यानें कोणाची पाटी हिसकावून घेतली नाहीं, त्यानें येथें तेंच केलें!

वास्तविक या कोशांत घाई करण्याचें कारणच नसतें. प्रत्येक पानाचा इतिहास जपून ठेवलेला असतो. कोणी कांहीं बिघडविलें, तरी पूर्वींचा मजकूर परत आणतां येतो. दुसऱ्याचा हेतु चांगलाच आहे असें धरून चालावें, हा तेथील मान्य संकेत आहे. आणि नवागतांना चावूं नका, अशा अर्थाची सूचना इंग्रजी विकिपीडियानें केली आहे. ती वाचून मला हंसूं आलें, आणि मग लाजहि वाटली.

आतां माझा क्रम बदलला आहे. नवा लेखक दिसला कीं, प्रथम त्याच्या लेखनांतील एक चांगली गोष्ट नांव घेऊन सांगतों. शुद्धलेखन मीच मुकाट्यानें सुधारतों. मग एका वेळीं एकच नियम समजावतों: आज प्रसिद्ध ग्रंथाचा किंवा वृत्तपत्राचा आधार कसा द्यावा, उद्यां दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा कां उतरूं नये, परवां स्वतःचें मत व स्वतःची स्तुति कोशांत कां नको. आधार सांपडत नसेल, तर तो शोधण्यास आपण हातभार लावावा. गोधडीच्या लेखासाठीं मीं तेवढें केलें असतें, तर तो आज पुरा झाला असता.

नव्या सुनेची पहिली आमटी खारट झाली म्हणून तिला कोणी स्वयंपाकघराबाहेर घालवीत नाहीं. शहाणी सासू तींत थोडें पाणी घालते, आणि दुसरे दिवशीं मीठ घालतांना जवळ उभी राहते. हें शहाणपण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे; तेवढें घेऊन चावडीवर बसावें, म्हणजे झालें.

त्या बाईंचें नांव मला ठाऊक नाहीं. त्यांच्या ओळी मात्र पानाच्या इतिहासांत अजून आहेत. त्या मीं परत आणल्या असून आधार शोधीत आहें.