खताची गोणी आणण्याआधी एवढं वाचा

मैत्रिणींनो, मृगाचा पाऊस तोंडावर आला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात. कारण एकच, बी-बियाणं आणि खत. कर्ज आपल्या नावावर असतं, हप्ता आपण भरतो. पण कोणतं खत किती आणायचं, हे बऱ्याचदा दुकानदार सांगतो, नाहीतर शेजारच्या बांधावर बघून ठरतं. म्हणून या अंकात खताचा हिशेब मांडला आहे. पैशाचा, पिकाचा आणि घरातल्या जिवांचाही.

गोणीवरचे आकडे काय सांगतात?

पिकाला मुख्य तीन अन्नद्रव्यं लागतात. नत्राने पानं हिरवी होतात आणि वाढ होते. स्फुरदाने मुळं आणि फुलोरा जोमदार होतो. पालाशने दाणा भरतो, पिकात ताकद येते. गोणीवरचे आकडे म्हणजे 100 किलो खतात यातलं काय किती आहे ते.

युरियात 46 टक्के नत्र असतं, बाकी दोन्ही शून्य. म्हणजे 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र. डीएपीवर 18:46 लिहिलेलं असतं. त्याच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद येतं.

आता एक उदाहरण बघा. समजा तुमच्या माती तपासणीच्या कार्डावर सोयाबीनला एकरी 12 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद लिहिलं आहे. 65 किलो डीएपी टाकलं की 30 किलो स्फुरद मिळालं आणि जवळपास 12 किलो नत्रही त्यातच आलं. मग वरून युरिया कशाला? सोयाबीन, तूर, हरभरा, मूग ही पिकं तर मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेतात. पेरताना बियाण्याला रायझोबियम लावलं की गाठी चांगल्या येतात.

युरिया जास्त झाला तर?

युरिया स्वस्त पडतो आणि चार दिवसांत पीक हिरवंगार दिसतं, म्हणून हात सैल सुटतो. पण ती हिरवळ फसवी असते. पानं लुसलुशीत झाली की मावा, तुडतुडे धावून येतात. भात, गहू वाऱ्या-पावसात लोळतो. कपाशी नुसती वाढत बसते, फुलं-पात्या उशिरा लागतात. कांद्याची मान जाड होते आणि तो चाळीत टिकत नाही.

कीड वाढली की फवारणी वाढते. खर्च तर वाढतोच, पण जिवाला धोकाही वाढतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरू नये.

शिवाय टाकलेला सगळा युरिया पिकाला मिळत नाही. उघड्यावर फेकला तर काही भाग हवेत उडून जातो, जोराच्या पावसात काही वाहून जातो आणि काही पाण्याबरोबर खाली झिरपतो. म्हणून जमिनीत ओल असताना, दोन-तीन हप्त्यांत विभागून आणि मातीआड करून द्यावा.

विहिरीच्या पाण्यात काय जातं?

खाली झिरपलेलं नत्र नायट्रेट होऊन विहीर-बोअरच्या पाण्यात उतरतं. विहिरीजवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असेल तर त्यातूनही उतरतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सर्वात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. असं पाणी वरच्या दुधात घालून पाजलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळसर पडतात.

हे नीट लक्षात ठेवा: पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळूनही जात नाही. म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नको. आणि पाणी तपासून घ्या. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामपंचायतीत विचारा.

गोठ्यातली काळजी

खताची बादली नीट न धुता त्यात जनावराला पाणी दाखवू नका. गोणी हौदात धुऊ नका. गाय, म्हैस किंवा शेळीच्या पोटात एकदम जास्त युरिया गेला तर पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं आणि थोड्या वेळात जनावर दगावू शकतं. अशी लक्षणं दिसली की लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. गटाच्या कर्जावर घेतलेली शेळी एका बादलीपायी जाऊ नये.

रिकाम्या गोणीत धान्य, पीठ, डाळ भरू नका. हाताला चिरा असतील तर खत टाकताना हातमोजे घाला. भाकरी खाण्याआधी साबणाने हात धुवा.

मग खत बंद करायचं का?

एकदम नाही. श्रीलंकेत 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली. भाताचं उत्पादन घटलं आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. आधी मापात आणा, सोबत शेणखत, गांडूळखत वाढवा, मग हळूहळू रासायनिक कमी करा. शेणखत मात्र चांगलं कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी शेतात येते.

पुढच्या बैठकीआधी एवढं करा

1. माती घ्या. पेरणीआधी, खत टाकण्याच्या आधी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून माती काढा. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची नको. सगळी मिसळून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा आणि नाव, गट नंबर, पीक लिहून सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे द्या.

2. कार्ड आलं की ते बैठकीत आणा. गोणीचा हिशेब सगळ्यांनी मिळून करा आणि मगच खताच्या कर्जाची रक्कम ठरवा.

3. खत घेताना पक्की पावती घ्या आणि ती गटाच्या फाईलमध्ये लावा.

एकीने एक गोणी वाचवली, तर तेवढं कर्ज कमी. दहाजणींनी वाचवली, तर गटाचे पैसे वाचले आणि गावच्या विहिरीत तेवढं खत कमी गेलं.