जुन्या गृहसंगणकांचे जतन व आज्ञावली-लेखन : ‘बीबीसी मायक्रो’च्या विशेष संदर्भात

बीजशब्द : गृहसंगणक, बीबीसी मायक्रो, आज्ञावली, इम्युलेटर, डोम्सडे प्रकल्प, जतन

१. प्रस्तावना

हस्तलिखिते, ताम्रपट, नाणी यांच्या जतनाची आवश्यकता आज कोणालाही पटवून द्यावी लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. नवे यंत्र आले की जुने भंगारात जाते आणि त्यात कोणाला काही गैरही वाटत नाही. असे असतानाही १९८० च्या दशकातील गृहसंगणक दुरुस्त करून चालू ठेवणारे, इतकेच नव्हे तर त्यांच्यासाठी नव्या आज्ञावली लिहिणारे हौशी अभ्यासक ब्रिटनमध्ये व अन्यत्र आढळतात. वरकरणी हा स्मरणरंजनाचा छंद वाटतो. प्रस्तुत लेखात ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकाच्या आधारे या कार्याचे स्वरूप व ज्ञानजतनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. पार्श्वभूमी

बीबीसीने सामान्य नागरिकांसाठी संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने तयार केलेला हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. त्यात २ मेगाहर्ट्झ गतीचा ६५०२ प्रक्रियक होता व ‘मॉडेल बी’ची स्मृती ३२ किलोबाइट होती. सुमारे १२,००० संगणक खपतील अशी मूळ अपेक्षा असताना प्रत्यक्षात १५ लाख संगणक विकले गेले.

भारतीय शिक्षणक्षेत्रालाही हे यंत्र सर्वस्वी परके नाही. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या शासकीय प्रकल्पाचा पथदर्शी टप्पा सुमारे २५० शाळांत सुरू झाला, तो याच संगणकावर. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सार्वजनिक उपक्रमाने परवान्याखाली ‘युनिकॉर्न’ या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही तयार केली.

३. यंत्र चालू ठेवण्याचे शास्त्र

चाळीस वर्षे उलटलेल्या यंत्रात सर्वप्रथम दगा देतो तो वीजपुरवठ्याचा भाग. त्यातील धातुलेपित कागदी कपॅसिटरच्या पारदर्शक आवरणाला कालांतराने बारीक तडे जातात, त्यांतून हवेतील ओलावा आत शिरतो आणि यंत्र वीजेला जोडल्यानंतर थोड्याच वेळात धूर निघू लागतो. म्हणून अनुभवी मंडळी बंद पडून राहिलेला संगणक एकदम सुरू करून पाहत नाहीत. आधी हे कपॅसिटर बदलले जातात, नंतर विद्युत्-दाब मोजला जातो व त्यानंतरच यंत्र सुरू केले जाते. फ्लॉपी ड्राइव्ह मिळेनासे झाल्याने त्यांच्या जागी मेमरी कार्डवर चालणारी उपकरणे बसवली जातात.

या संगणकाला दुसरा प्रक्रियक जोडण्यासाठी ‘ट्यूब’ नावाची जोडणी होती. १९८५ मध्ये एकॉर्नने तयार केलेल्या पहिल्या ‘आर्म’ प्रक्रियकाची चाचणी याच जोडणीद्वारे झाली. आजचे बहुतेक मोबाइल फोन त्याच परंपरेतील प्रक्रियकांवर चालतात. आता हौशी अभ्यासक त्याच जोडणीला रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक जोडतात. त्याचा प्रक्रियकही आर्म कुळातीलच आहे. नातवाने आजोबांच्या हाताखाली काम करावे, तसा हा प्रकार होय.

४. मर्यादेतील आज्ञावली-लेखन

या संगणकात चित्रपटलाची माहितीही त्याच ३२ किलोबाइट स्मृतीत ठेवावी लागे. सर्वाधिक रंग देणारी पद्धत निवडल्यास २० किलोबाइट पटलासाठीच खर्ची पडत. संगणकाच्या अंतर्गत व्यवहारासाठी लागणारी जागा वजा जाता आज्ञावलीसाठी सुमारे साडेआठ किलोबाइट उरत. यातून मार्ग काढण्याचे कौशल्य १९८४ च्या ‘एलाइट’ या खेळात दिसते. इयान बेल व डेव्हिड ब्रॅबेन यांनी पटल रेखाटले जात असतानाच त्याची पद्धत बदलण्याची युक्ती योजली. त्यामुळे वरच्या भागात दोन रंगांची सूक्ष्म रेषाचित्रे व खालच्या भागात चार रंगांचा फलक एकाच वेळी दिसू लागला.

आज या यंत्रासाठी लिहिणाऱ्यालाही हीच शिस्त पाळावी लागते. अशा संगणकाचे संपूर्ण कार्य एका व्यक्तीला समजून घेता येते, हे येथे महत्त्वाचे. यंत्र कसे चालते याचे ज्ञान केवळ पुस्तिकेत न राहता ते वापरणाऱ्यांच्या हातात जिवंत राहते.

५. डोम्सडे प्रकल्पाचा धडा

इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘डोम्सडे बुक’ ही जमीन-मालमत्तेची नोंदवही तयार झाली. तिला ९०० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या, विशेषतः शालेय विद्यार्थ्यांच्या, सहभागातून देशाचे नवे दर्शन घडवणाऱ्या दोन लेसर तबकड्या प्रसिद्ध केल्या. त्या वाचण्यासाठी बीबीसी मायक्रोचा वारसदार असलेला ‘मास्टर’ हा संगणक व खास वाचनयंत्र लागत असे. ही यंत्रे दुर्मीळ झाली आणि अवघ्या दीड दशकात त्या तबकड्या जवळजवळ अवाचनीय ठरल्या. मूळ नोंदवही मात्र आजही वाचता येते.

२००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने इम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीच्या, साहाय्याने ही सामग्री पुन्हा पाहता येते हे दाखवून दिले. पुढे ‘डोम्सडे-८६’ या हौशी प्रकल्पाने वाचनयंत्राच्या लेसरकडून येणारा मूळ संकेतच टिपून घेण्याचे तंत्र विकसित केले. परंतु अनुकरण बरोबर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी चालू स्थितीतील मूळ यंत्र समोर असावे लागते. हौशी मंडळींच्या परिश्रमाचे खरे मोल येथे लक्षात येते.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, तबकडी जपली म्हणजे मजकूर जपला असे होत नाही. तो वाचणारे यंत्र व ते यंत्र जाणणारी माणसे यांचेही जतन व्हावे लागते. हा प्रश्न ब्रिटनपुरता मर्यादित नाही. १९९० च्या दशकात मराठीतील अनेक प्रबंध व लेख युनिकोडपूर्व टंकांत फ्लॉपीवर साठवले गेले. तो टंक उपलब्ध नसेल तर फ्लॉपी वाचली गेली तरी पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून महाविद्यालयांनी अशा सामग्रीची यादी करून प्रत्येक नोंदीपुढे आज्ञावलीचे व टंकाचे नाव लिहावे, किमान एक फ्लॉपी ड्राइव्ह चालू स्थितीत ठेवावा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणल्यानंतरही मूळ प्रत नष्ट करू नये. ज्यांनी त्या आज्ञावली वापरल्या ते प्राध्यापक व टंकलेखक आज सांगू शकतात, तोवरच हे काम सुकर आहे.