दिव्याखाली शेवाळ

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण सगळेच वापरतो. दिव्याखाली शेवाळही असतं, याची आठवण मला घाटनांदूरच्या एका शेतकऱ्यानं करून दिली. आंध्रातली एक मोठी गुहा पाहून ते नुकतेच परतले होते. स्टेशनबाहेर चहा घेताना म्हणाले, "साहेब, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही एवढा अंधार. पण जिथं दिवा लावलाय, तिथं भिंतीवर हिरवंगार शेवाळ. बाकी भिंत बी ओलीच, पण साफ. ह्याला कोन्तं औषध मारावं? मोरचूद चालंल का?"

आधी मला हसू आलं. मग वाटलं, या प्रश्नाचं उत्तर तर त्यांच्याच मळ्यात आहे. सिमेंटचा हौद उघडा ठेवला की महिनाभरात पाणी हिरवं होतं आणि ठिबकच्या नळ्या चोंदतात. तोच हौद झाकला की शेवाळ धरत नाही. पाणी तेच, हौद तोच. फरक फक्त उजेडाचा. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्याचंही हेच कारण.

गुहेतही हेच घडतं. झिरपणाऱ्या पाण्यातून, हवेतून, आपल्या कपड्यांना आणि चपलांना चिकटून शेवाळाचे बीजाणू आत जातात. अंधारात त्यांची वाढ होत नाही. तिथे दिवा लागला की त्यांना जणू सूर्य मिळतो. आधी हिरवा थर येतो, मागून मॉस आणि नेचे उगवतात. या थरातून निघणारी आम्लं दगड हळूहळू खातात.

हे केवढ्यावर जाऊ शकतं ते फ्रान्समधील लास्को गुहेनं दाखवलं. आदिमानवाची चित्रं असलेली ही गुहा 1940 साली सापडली आणि 1948 मध्ये लोकांसाठी खुली झाली. दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली. त्यांचा श्वास, अंगाची ऊब आणि दिव्यांचा उजेड यांमुळे चित्रांवर हिरवे डाग चढले. अखेर 1963 मध्ये गुहा बंद करावी लागली. आज पर्यटक तिची हुबेहूब प्रतिकृती पाहून परततात.

मग उपाय काय? तारेचा ब्रश मुळीच नको. शेवाळाबरोबर दगडाचा पापुद्रा आणि त्यावरची नक्षीही जाते. ब्लीचिंगच्या द्रावणानं शेवाळ मरतं, पण कोंडलेल्या जागेत क्लोरीनचा वास साचतो. तो माणसाला, वटवाघळांना आणि किड्यामुंग्यांना बाधतो. मोरचुदाचा तर दगडावर निळा-हिरवा डाग राहतो. युरोपातल्या काही चुनखडीच्या गुहांत 15 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहिलं गेलं आहे. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतो. पण तेही दगडाला इजा करू शकतं, म्हणून ते काम जाणकारांचंच. आणि फवारणी कुठलीही केली, तरी दिवा तसाच राहिला तर शेवाळ पुन्हा येणारच. तणाचा शेंडा खुडून मूळ ठेवण्यातला हा प्रकार.

मूळ उपाय उजेडातच आहे. माणसं आत असतील तेवढाच वेळ दिवा लावावा. माणूस आला की पेटणारे आणि गेला की विझणारे दिवे आता मिळतात. हॅलोजन दगडही तापवतो, त्यापेक्षा थंड एलईडी बरा. तो मंद आणि पिवळसर असावा, कारण शेवाळाला निळा आणि लाल उजेड जास्त मानवतो, पिवळा कमी. दिव्याचा झोत ओल्या भिंतीवर नको, पायवाटेवर असावा.

आपल्याला याचं काय, असं म्हणू नका. अंबाजोगाईचा हत्तीखाना आपल्या तालुक्यातच आहे. खरोसा आणि धाराशिवची लेणीही लांब नाहीत. उघड्या अंगणातल्या दगडावर पावसाळ्यात हिरवट थर धरतो तो सूर्याच्या उजेडानं, ती निराळी गोष्ट. काळजी आहे ती आतल्या अंधाऱ्या भागाची. सण-उत्सव आला की हौसेनं फोकस लावायचे आणि ते रात्रंदिवस जळत ठेवायचे, ही आपली सवय. वर्ष-दोन वर्षांनी भिंत हिरवी झाली की कुणीतरी बादली-ब्रश घेऊन 'श्रमदाना'ला निघतं. हेतू चांगला असतो, पण शेकडो वर्षं टिकलेलं कोरीवकाम एका रविवारात खरवडलं जातं. संरक्षित लेण्यात पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दिवेही लावू नयेत आणि साफसफाईही करू नये.

तेव्हा तुमच्या गावात अंधाऱ्या लेण्यात किंवा भुयारात दिवे लावायची गोष्ट निघाली, तर सभेत तीन प्रश्न जरूर विचारा. दिवा कुठला? झोत कशावर? आणि बटण बंद करायला माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर दिवा लावूच नका. हातात बॅटरी घेऊन पाहिलेलं लेणं आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळेल.