घरातला सर्व्हर : यजमान कोण, पाहुणा कोण?

मंडळी, आपलं भुशी धरण रेल्वेनं बांधलं ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. आज तिथं येतं कोण? पावसाळ्यात शनिवार-रविवारी सगळं पुणं-मुंबई! एका कामासाठी केलेल्या जागेवर पुढे कोण येईल, हे बांधणाऱ्याच्या हातात उरत नाही. मुलं घरच्या संगणकावर माइनक्राफ्टचा खासगी सर्व्हर चालवतात, तिथंही हाच प्रश्न आहे.

सर्व्हर म्हणजे काय? खेळातलं सगळं जग एका यंत्रावर असतं आणि बाकीचे तिथं पाहुणे म्हणून येतात. कोणी कुठं वीट ठेवली, याचा निवाडा ते यंत्र करतं. चार-पाच मुलांना दोन ते चार जीबी मेमरी पुरते. मात्र इथं अपलोडचा वेग बघायचा, कारण आता आपण घेणारे नाही, देणारे आहोत.

पाहुणा पोचणार कसा? राउटरला सोसायटीचा वॉचमन समजा. बाहेरच्यांना फाटकाचा पत्ता माहीत असतो, घराचा नंबर नाही. ‘२५५६५ विचारत कोणी आलं तर या संगणकाकडे पाठव’, असं वॉचमनला सांगून ठेवायचं. हेच पोर्ट फॉरवर्डिंग.

एवढं करूनही पुष्कळदा कोणी पोचत नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरांत मिळून एक पत्ता देतात. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर समजावं की मोठ्या फाटकाची किल्ली आपल्याकडे नाही. मग कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

फाटक उघडलं की अनोळखीही ठोठावतात. म्हणून व्हाइटलिस्ट, म्हणजे पाहुण्यांची यादी, चालू ठेवायची. खात्यांची पडताळणीही बंद करायची नाही. नाहीतर कोणीही दुसऱ्याचं नाव सांगून आत येईल, आणि यादीला अर्थच राहणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अचानक वीज गेली आणि मुलांनी उभारलेलं गाव परत उघडलंच नाही. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. मुलं रडली. विटा खोट्या होत्या हो, पण मेहनत खरी होती ना? तेव्हापासून जगाच्या फोल्डरची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर जाते, आणि वीज गेली की यूपीएसवर आधी ‘स्टॉप’ देऊन मगच संगणक बंद होतो.

दार उघडणं सोपं असतं. आत आलेल्यांनी जे उभारलं ते जपणं, हे खरं यजमानपण.